बेटावरचें बिऱ्हाड

इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब भूमध्य समुद्रांतील गोझो नांवाच्या बेटावर दहा दिवस राहून आलों. तेव्हांपासून ओळखीची मंडळी भेटली म्हणजे प्रथम समुद्राविषयीं विचारतात, मग खर्चाविषयीं विचारतात, आणि उठतां उठतां ‘पण घर कसें मिळविलें हो?’ असा प्रश्न हटकून करतात. हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें परदेशीं असतात. दरवेळीं आईबापांनीं त्यांच्याकडे जावें किंवा त्यांनीं इकडे यावें, यापेक्षां सर्वांनीं मध्यें कोठें तरी भेटावें, असा नवा परिपाठ पडूं लागला आहे. अशा वेळीं हॉटेलांतील चार सुट्या खोल्यांपेक्षां एक अखंड घर भाड्यानें घेणें बरें पडतें. तें निवडतांना आमच्या हातून जी चूक होणार होती व जी थोडक्यांत टळली, ती सांगितली तर इतरांस उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम स्थलवर्णन. माल्टा हें राष्ट्र सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर आहे. त्याचीं सगळीं बेटें मिळून क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ निम्में. त्यांतील गोझो ६७ चौरस किलोमीटरांचें. १९६४ पर्यंत तेथें इंग्रजांचा अंमल होता. त्यामुळें इंग्रजी ही दोन राजभाषांपैकीं एक आहे, गाड्या आपल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, आणि विजेचे खटके इंग्लंडसारखे तीन चौकोनी दांड्यांचे असतात. आपल्याकडील लोकांना हें बेट अगदींच अपरिचित आहे असेंही नाहीं. १८७८ सालीं रशियाशीं युद्धाचा रंग दिसूं लागला तेव्हां इंग्रज सरकारनें सुमारें सात हजार हिंदी फौज माल्टास नेली होती, व तींत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या.

आम्ही उभयतां वाईस असतों. चिरंजीव जर्मनींत नोकरीस आहेत, कन्या पुण्यास आहे. लहानथोर मिळून आम्ही नऊ माणसें. परंतु चार वर्षांत हीं नऊ माणसें एका पंक्तीस बसलीं नव्हतीं. चिरंजीवांना मे महिन्यांत रजा मिळत होती, इकडे नातवाची शाळा बंद होती, तेव्हां गोझो ठरलें. घर पाहण्याचें काम चिरंजीवांनीं पत्करलें, आणि जानेवारींत एके रात्रीं त्यांनीं फोनवर एका घराचीं चित्रें पाठविलीं.

तीं पाहतांच आम्ही मोहित झालों. नादूर गांवच्या टेकडीवर, मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडानें बांधलेलें तें जुनें शेतघर होतें. तिकडे अशा घरास ‘रात्सेत’ म्हणतात. जाड भिंती, कमानदार खोल्या, मध्यें चौक, वर सपाट गच्ची, पुढें पोहण्याचें निळें तळें, आणि दूर खालीं रामला येथील तांबड्या वाळूचा किनारा. वाईच्या एखाद्या वाड्यास समुद्र लाभला असता तर तो असाच दिसला असता, असें वाटलें. सर्वांनीं एकमतानें पसंती दिली. सौ.नेंही चित्रें दोनदां पाहून ‘छान आहे’ एवढें म्हटलें.

पैसे भरण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं आम्ही वामकुक्षीस पडलों होतों. सौ. माजघरांत कन्येशीं फोनवर बोलत होती. ‘मी इथेंच राहीन ग,’ ती म्हणत होती. ‘बाबांना घेऊन जा. आयत्या वेळीं तब्येतीचें निमित्त सांगतां येईल. मुलांना तें तळें फार आवडलें आहे. माझ्या गुडघ्यापायीं त्यांचा हिरमोड कशाला?’

दोन वर्षांपूर्वीं तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. घरांतले दोन उंबरठे ती सहज ओलांडते. जिना मात्र एकेक पायरी थांबून चढते. आम्ही उठून बाहेर गेलों आणि तिला विचारलें, ‘तुला काय ठाऊक तिथें किती पायऱ्या आहेत?’ तिनें फोन घेऊन चित्रें दाखविलीं. एका चित्राच्या कोपऱ्यांत फाटकापासून वर जाणाऱ्या पायऱ्या होत्या. दुसऱ्यांत दाराआड दगडाचा नागमोडी जिना अर्धाच दिसत होता. तिनें दिसल्या तेवढ्या पायऱ्या मोजल्या होत्या. आम्ही मात्र चष्मा लावून समुद्र पाहत बसलों होतों.

त्याच संध्याकाळीं चिरंजीवांकरवीं घरमालकास एकच प्रश्न विचारविला: फाटकापासून निजण्याच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती? मालक सज्जन होता. त्यानें स्वतः मोजून कळविलें कीं बाहेर ९ आणि आंत ३२. त्यांतही आंतल्या निम्म्या ‘गरिगोर’च्या, म्हणजे खांबाभोवतीं फिरत जाणाऱ्या अरुंद दगडी जिन्याच्या. एकूण ४१. चिरंजीव बराच वेळ फोनवर गप्प होते. मग म्हणाले, ‘आईनें मला सांगायचें ना!’ यावर सौ. म्हणाली, ‘अरे, तूं विचारलेंस घर कसें आहे. घर छानच आहे.’

या एका वाक्यांत आमची सर्वांची चूक आली. आम्हीं घर पाहिलें होतें. त्यांत राहणारीं माणसें पाहिलीं नव्हतीं. तरुण माणूस सुट्टींत घरीं निजण्यापुरताच असतो. दिवसाचे अधिक तास ज्यांना त्या घरांत काढावयाचे असतात तीं म्हणजे वृद्ध माणसें, लहान मुलें आणि स्वयंपाक करणारीं. तेव्हां घर घ्यावयाचें तें त्यांच्या मापानें. हें सूत्र धरून आम्हीं नव्यानें शोध सुरू केला, आणि जे प्रश्न विचारावयास शिकलों ते असे.

पहिला प्रश्न पायऱ्यांचा. तिकडील जुनीं घरें उभीं बांधलेलीं असतात. खालीं पूर्वीं गुरें व अवजारें, वर माणसें. त्यामुळें निजण्याच्या खोल्या बहुधा माडीवर येतात. तळमजल्यावर निदान एक खोली व न्हाणीघर आहे काय, हें मालकाकडून लिहून घ्यावें. न्हाणीघरांत टबाच्या काठावरून पाय टाकावा लागतो काय, तेंही विचारावें. चार वर्षांचें मूल बरोबर असेल तर पोहण्याच्या तळ्यास कठडा आहे काय, हा प्रश्न तर पैशाच्या आधींचा.

दुसरा प्रश्न जागेचा. गोझोवर विमानतळ नाहीं. माल्टा बेटावर उतरून चिरकेव्वा बंदरापर्यंत जावें व तेथून इमजारला नावेनें सुमारें पंचवीस मिनिटांत पोंचतां येतें. बेटाच्या मध्यभागीं व्हिक्टोरिया नांवाचें गांव आहे. जुने लोक त्यास रबात म्हणतात. बेटावरील बहुतेक बसगाड्या तेथूनच सुटतात. श्लेंदी आणि मारसालफोर्न हीं समुद्रकांठचीं गांवें रम्य खरीं. परंतु ज्यांना मोटार हांकावयाची नाहीं त्यांनीं व्हिक्टोरियाजवळ राहावें हें उत्तम. नकाशावर अर्धा मैल दिसणारी वाट प्रत्यक्षांत टेकडीचा चढ असते. औषधांचें दुकान व वाणसामानाचें दुकान किती मिनिटांवर आहे, हें समुद्र किती मिनिटांवर आहे याच्या आधीं विचारावें.

तिसरा प्रश्न ऋतूचा. जुलै-ऑगस्टांत तेथें पाऊस जवळजवळ नसतोच, ऊन कडक असतें आणि भाडींही चढलेलीं असतात. गांवोगांवच्या जत्राही उन्हाळ्यांतच येतात. १५ ऑगस्टचा सांता मरियाचा सण मोठा. दारूकाम आणि घंटानाद ज्यांना प्रिय आहे त्यांनीं त्या दिवसांत अवश्य जावें. ज्यांची झोंप सावध आहे त्यांनीं तारखा पाहून जावें. मे महिना सुखद असतो, परंतु हिंवाळ्याचा गारठा समुद्रानें तोंवर सोडलेला नसतो. त्याचें पाणी १८-१९ अंशांच्या आसपास असतें, आणि न तापविलेलें तळेंही तसेंच थंड. म्हणजे ज्या तळ्यासाठीं आम्ही अधिक भाडें देणार होतों, त्यांत त्या महिन्यांत मुलांनीं पाय बुडवून ओरडत बाहेर पळावें, एवढाच त्याचा उपयोग झाला असता. पोहणें हाच हेतु असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. उन्हाळाभर तापलेलें पाणी तोंवर उबदार राहतें.

चौथा प्रश्न स्वयंपाकघराचा. शाकाहारी माणसास परदेशीं घर घेण्यांत हाच मोठा लाभ, असें आम्ही उत्साहानें सांगत होतों. तेथें आपल्याप्रमाणेंच गॅसच्या टाक्या असतात. भाडेकऱ्यांच्या घरांत मोठीं पातेलीं व कुकर मिळण्याची खात्री नसते, म्हणून कुकर बरोबर न्यावा. पाव, टोमॅटो, बटाटे उत्तम मिळतात. तेथील ‘जबेयना’ नांवाचें चीज प्रसिद्ध आहे, परंतु चीज बनवितांना प्राणिज रेनेट वापरण्याची चाल आहे, तेव्हां ज्यांना तें वर्ज्य आहे त्यांनीं विचारून घ्यावें. नळाच्या पाण्याचा बराच भाग समुद्राचें खारें पाणी गोडें करून मिळविलेला असतो. त्याची चव कित्येकांस रुचत नाहीं, म्हणून पिण्यापुरतें पाणी विकत घेण्याचा खर्च धरावा.

हें सर्व आम्ही सांगत असतां सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, शिजवितां येतें हें ठीक, पण नऊ माणसांचें दोन वेळां शिजविणार कोण?’ आम्ही निरुत्तर झालों. घर बदलल्यानें ओटा बदलतो, ओट्यापुढें उभें राहणारें माणूस तेंच राहतें. मग सुट्टी कोणाची झाली? तेव्हां चिरंजीव, जांवई आणि आम्ही यांचें वेळापत्रक आंखलें. शाळेंत असतां शेंकडों वेळापत्रकें आंखलीं, पण त्यांत स्वतःच्या नांवापुढें ‘मुगाची खिचडी’ असें आम्हीं प्रथमच लिहिलें.

पांचवा प्रश्न पैशाचा, आणि येथें दोष आमचा आहे. पहिलें घर सुटल्यावर आम्हांस स्वस्त घराची हांव सुटली. एका जाहिरातींत तसलेंच घर अर्ध्या भाड्यांत होतें. मात्र सर्व रक्कम आधीं परस्पर बँकेंत भरावयाची होती. आम्ही भरणारच होतों. कन्येनें तींच चित्रें इंटरनेटवर शोधून पाहिलीं, तों तीं भलत्याच देशांतील घराचीं निघालीं. सुट्टीपुरतें भाड्यानें देण्याच्या घरास तेथील पर्यटन खात्याचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागावा, आणि जो देण्यास कांकूं करील त्याचा नाद सोडावा. उन्हाळ्यांत गारव्याच्या यंत्राची वीज कित्येक घरांत वेगळी मोजतात, तें आधीं ठरवून घ्यावें. शेजारीं बांधकाम चाललें आहे काय, हेंही विचारावें. त्या देशांत तें फार असतें.

याच संदर्भांत व्हिसाची गोष्ट. माल्टा २००७ पासून शेंगेन देशांत आहे. व्हिसाच्या अर्जाबरोबर राहण्याच्या जागेचा पुरावा व निदान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा दाखवावा लागतो. म्हणजे व्हिसा हातीं येण्यापूर्वींच घर ठरवावें लागतें. तेव्हां व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट असलेलेंच घर घ्यावें, मग तें थोडें महाग कां पडेना.

शेवटीं आम्हीं व्हिक्टोरियाच्या कडेला एका गल्लींतील घर घेतलें. बाहेर एक पायरी. तळमजल्यावर दोन खोल्या. लहानसा चौक व त्यांत लिंबाचें झाड. समुद्र दिसत नव्हता, तळें नव्हतें. नातीनें पहिल्या दिवशीं तोंड फुगविलें, आणि जवळच्या देवळाची घंटा आम्हांस रोज पहांटे उठवी. परंतु बसच्या तळावर सौ. आपल्या पायांनीं जाऊं शकली. तिनें रामलाच्या तांबड्या वाळूंत बसून नातवंडांचे किल्ले पाहिले. इ. स. पूर्व ३६०० च्या सुमाराचीं जगान्तिया येथील प्रचंड दगडी मंदिरें तिनें काठी टेकीत पाहिलीं, आणि ‘एवढे दगड उचलले कोणीं?’ असा, विद्वानांस अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न विचारला. रात्रीं नऊ पानें मांडलीं जात. आमची खिचडी पहिल्या दिवशीं खालीं लागली. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

संध्याकाळीं त्या गल्लींतील बायका दारापुढें खुर्च्या टाकून बसत. शेजारची एक वृद्ध बाई लांकडी कांड्यांवर लेस विणीत असे. तें त्या बेटावरचें जुनें काम आहे. तिसऱ्या दिवशीं सौ. आपली क्रोशाची सुई घेऊन तिच्याशेजारीं जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहत.

माल्टी भाषेंत घरास ‘दार’ म्हणतात. ती अरबीच्या कुळांतील भाषा, आपलें दार ‘द्वार’ शब्दापासून आलेलें; दोहोंत नातें कांहीं नाहीं. संस्कृतांत ‘दार’ म्हणजे पत्नी. तो शब्द पुल्लिंगी असून बहुवचनांत चालतो, हें सांगितलें कीं वर्गांतील मुलें हंसत. तीन भाषांतील हे तीन शब्द केवळ योगायोगानें सारखे आहेत, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. तथापि त्या एका पायरीवर, उघड्या दारांत, सुई चालवीत बसलेली सौ. पाहिली म्हणजे तिन्हींचा अर्थ एकच असावा असें वाटे. वाचकांपैकीं कोणी असें घर पाहत असतील त्यांस एवढीच विनंती कीं, चित्रें शेवटीं पाहावीं. आधीं पायऱ्या मोजाव्या, आणि घरांतलें जें माणूस ‘मला काय, कसेंही चालेल’ म्हणतें, त्याला पुन्हां एकदां विचारावें.