तणमोराचे घर

गेल्या श्रावणात मेहकरजवळ मामेभावाच्या शेतावर गेलो होतो. वर्षभर वर्गात निसर्गकविता शिकवणाऱ्याने एकदा तरी चिखल तुडवावा, असे आमच्या हिचे मत! सोयाबीन गुडघ्याला लागले होते. बांधाकडच्या तासात पाऊल टाकणार, तोच वहिनी मागून म्हणाल्या, "पाय जपून टाका भाऊजी, अंडे हायेत तिथं."

वाकून पाहिले. ढेकळांच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी उघड्या मातीत होती. वर टिटवीचा आकांत चालला होता. डवरणी करताना भावाने तेवढ्यापुरता डवरा उचलून धरला होता, म्हणून ती वाचली.

टिटवीचे एक बरे असते. ती ओरडून माणसाला सावध करते. तणमोराच्या मादीला ते जमत नाही. मातकट रंगाची ही मादी गवतात दबून बसते आणि तीनचार अंडी जवळजवळ तीन आठवडे एकटीच उबवते. नराची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात तो काळाभोर होतो, डोक्यामागे पिसांचे तुरे मिरवतो आणि मादीला दिसावे म्हणून गवताच्या वर उड्या मारतो. दिवसाकाठी पाचशेपर्यंत उड्या!

अडचण अशी, की या पक्ष्याचे आणि शेतकऱ्याचे पंचांग एकच आहे. जुलै ते सप्टेंबर हा त्याच्या विणीचा काळ, आणि निंदण, डवरणी, फवारणीचाही तोच. माळ नांगरले गेले, तेव्हा बिचारा पिकात शिरला. तेथे घरटे चिरडण्याचे भय. शिवाय पिल्लांनी खायचे किडे फवाऱ्याने मरतात. २०१७ च्या देशव्यापी पाहणीत नर तणमोरांचा अंदाज अवघा २६४ निघाला. २०२१ पासून जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते.

मराठीच्या मास्तराला शब्दांचा चाळा असतोच. संस्कृत 'तृण' घासून घासून 'तण' झाले. तण म्हणजे गवत. आता मात्र तण म्हणजे पिकाचा वैरी, आणि दुकानात त्याच्यासाठी 'तणनाशक' मिळते. ज्याच्या नावातच तण आहे, त्या पक्ष्याने जावे कोठे?

हे पांडित्य मी भावाला ऐकवले. तो हसला. "निंदायला बाया भेटत नाहीत दादा. फवारलं नाही तर पीक कसं हाती येईल?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तरी वाट अगदीच बंद नाही. राजस्थानात अजमेरजवळच्या शोकलिया भागात मूग-ज्वारीची शेते आणि मधली पडीत राने यांत तणमोर आजही वीण करतो. आपल्या शेजारच्या अकोला-वाशिमकडे तर पिढ्यान्‌पिढ्या फासे लावणाऱ्या फासेपारध्यांपैकी काहीजण आता गवताची राने राखतात, तणमोरांवर लक्ष ठेवतात. फासे लावण्यासाठी शिकलेली पाखरांची पारख आज राखणीच्या कामी येते आहे!

निघताना भाऊ बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "यंदा एवढी पट्टी नाही फवारत. गवत होईल, बैलाले चारा होईल."

तेवढ्याने तणमोर परत येईल, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण येणाऱ्याला उतरायला जागा तर हवी! नाहीतर पुढच्या पिढीला हा मोर आम्हां मास्तरांच्या शब्दकोशातच शोधावा लागेल.