सातबारा आपला, पण माती जिवंत आहे का?

यंदा उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. आमच्या चुलतभावाची दोन एकर हलकी, माळाची जमीन आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला एक कागद त्याने आमच्यापुढे धरला. ती मृदा आरोग्य पत्रिका होती. २०१५ सालापासून सरकार शेतकऱ्यांना मातीची तपासणी करून ही पत्रिका देते.

"मला काही उमगलं नाही, दादा. दुकानदाराला दाखवली, तर तो म्हणाला युरिया वाढव. दरसाल पोती वाढवतो, उधारी वाढते, पण माल काही वाढत नाही," भाऊ म्हणाला.

आम्ही कागद वाचला. नत्र, स्फुरद, पालाश असे बरेच आकडे होते. त्यांत एक ओळ होती : सेंद्रिय कर्ब ०.२८ टक्के. त्या ओळीकडे दुकानदाराने पाहिले नव्हते आणि भावानेही नाही. खरे दुखणे मात्र तिथेच होते.

सेंद्रिय कर्ब म्हणजे काय? पालापाचोळा, पिकांची मुळे, शेण, मेलेले किडे हे सारे कुजून मातीत जो कार्बन उरतो, तो सेंद्रिय कर्ब. मातीतल्या जिवाणूंचे ते अन्न आहे. जिवाणू हे अन्न खातात आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या चिकट पदार्थाने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. माती भुसभुशीत होते. पाऊस पडला की पाणी आत मुरते आणि खतही मुळांजवळ टिकते. कर्ब संपला की माती एक तर दगडासारखी घट्ट होते किंवा धुळीसारखी उडते. मग पावसाचे पाणी वरच्यावर वाहून जाते आणि उधारीने आणलेला युरियाही त्याच्यासोबत जातो. भावाची पोती अशीच ओढ्याला मिळत होती.

सर्वसाधारणपणे ०.५० टक्क्यांच्या खाली कर्ब असलेली जमीन कमी कर्बाची समजतात. ०.७५ च्या वर असेल तर ती चांगली. आकडे लहान दिसतात, पण हिशेब करून पाहा. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. म्हणजे ०.२८ टक्के हा अडीच टन कर्ब झाला आणि ०.५० टक्के हा साडेचार टन. एकरी दोन टनांची तूट! ती एका वर्षात भरून निघत नाही, कारण घातलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब कुजताना हवेत जातो आणि थोडाच मातीत राहतो. त्यातून आपला मुलूख उष्ण. उन्हाने आणि वारंवारच्या खोल नांगरटीने कर्ब लवकर जळतो. म्हणून दरवर्षी थोडा थोडा भरणा करीत राहावे लागते.

आणि आपण काय करतो? उसाचे पाचट पेटवतो. तुरीचे फणकट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर जाळतो. रान साफ झाले असे वाटते, पण मातीच्या तोंडचा घास धुराने जातो. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात, त्याबद्दल मात्र आमच्या माता-भगिनींना बोल लावण्याचा अधिकार कुणाला नाही. सिलिंडर परवडला असता तर त्यांनी धूर कशाला खाल्ला असता?

मग उपाय काय? पाचट जाळू नका. ते सरीत पसरा, त्यावर थोडा युरिया व पाचट कुजवणारे जिवाणू टाका आणि ओल राहू द्या. नुसते कोरडे पाचट मातीत गाडले तर ते कुजेपर्यंत पिकाचे नत्र ओढून घेते, हे ध्यानात ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास, दीड महिन्यात, जमिनीत गाडा. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावा, त्याचा पाला उत्तम खत आहे. घरातला भाजीपाल्याचा कचरा उकिरड्यावर उघडा न टाकता खड्ड्यात माती-शेणाच्या थरांत कुजवा. आणि गरज नसताना दरसाल खोल नांगरट करू नका.

याचा अर्थ रासायनिक खत एकदम बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पोट हातावर असलेल्या माणसाला असला सल्ला देणे सोपे असते, निभावणे त्याच्या वाट्याला येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ सालापासून काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा दीर्घ मुदतीचा खत प्रयोग चालू आहे. रासायनिक खताला शेणखताची जोड दिली तर उत्पन्नही टिकते आणि कर्बही वाढतो, हाच त्याचा धडा आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जमीन वारसाने आलेली नाही. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बायाबापड्यांनी लेकरे कडेवर घेऊन तुरुंग भरले. पुढे ज्यांना जमीन मिळाली, त्यांच्या वाट्याला बहुधा पडीक, माळरानाची जमीन आली. कर्बाची सर्वांत जास्त गरज अशाच हलक्या जमिनीला असते. तो काही दुकानात पोत्याने मिळत नाही. तो घरच्या श्रमातून येतो आणि श्रमाला आपण कधी मागे हटलो आहोत काय?

शहरात गिरणीत, कारखान्यात, सफाईच्या कामात राबणाऱ्या आमच्या वाचकांची शेती गावी भाऊ नाहीतर आई पाहते. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा ती पत्रिका मागून घ्या. कर्बाची ओळ शोधा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पत्रिका नसेल तर शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन माती काढा, ती एकत्र करून अर्धा किलो नमुना तपासणीला द्या.

आमच्या भावाने यंदा तागाचे बी आणले आहे. सातबाऱ्यावर नाव चढायला आपल्या वडीलधाऱ्यांना झगडावे लागले. त्या नावाखालची माती मरू न देणे, हे आता आपल्याकडे आहे.