खेळातून उपचार

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी खराडी वसली आहे. एके काळी येथे शेते होती. आज उंच इमारती आहेत आणि रस्त्यांवर वाहनांची अखंड वर्दळ असते. भोंग्याचा कर्कश आवाज ऐकून आपण क्षणभर त्रासतो आणि पुढे चालू लागतो. काही मुलांना मात्र तसे जमत नाही. भोंगा वाजताच ती कान झाकून घेतात. सदऱ्याची शिवण टोचते म्हणून ती रडतात. याउलट काही मुले सारखी उड्या मारतात, भिंतीवर अंग आदळतात. लोक त्यांना हट्टी किंवा द्वाड म्हणतात. पण खरे कारण निराळेच असू शकते.

पाच ज्ञानेंद्रिये सर्वांना ठाऊक आहेत. त्यांखेरीज कानाच्या आतील एक इंद्रिय तोलाची जाणीव देते, तर स्नायू व सांधे हातपाय कोठे आहेत हे कळवतात. म्हणूनच अंधारातही घास बरोबर तोंडात जातो. या साऱ्या वार्ता मेंदूकडे पोहोचतात. महत्त्वाच्या वार्ता निवडून बाकीच्या मागे सारणे हे मेंदूचे काम. ते नीट झाले नाही, तर हलका स्पर्शही असह्य होतो, किंवा मोठा धक्काही पुरेसा जाणवत नाही. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली आपल्या ग्रंथात याचा सविस्तर विचार मांडला.

अशा मुलांना व्यवसायोपचाराचे साहाय्य मिळते. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, तर रोजचे प्रत्येक काम. खेळणे, जेवणे, लिहिणे हाच मुलांचा व्यवसाय! अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारताला आपले मानणाऱ्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू केले.

उपचारक प्रथम मुलाचे बारकाईने निरीक्षण करतात. मग कोणाला झोपाळ्यावर बसवतात, कोणाला कणीक मळायला देतात, कोणाकडून जड गाठोडे ढकलून घेतात. स्पर्शाला भिणाऱ्या मुलाचा हात ते बळेच वाळूत घालीत नाहीत. आज एक बोट, उद्या दोन, असा धीर देतात. हा उपचार म्हणजे जादू नव्हे. त्याचा गुण कोणाला किती येतो, याचा अभ्यास अजून चालू आहे.

परंतु एक उपाय कोणालाही करता येतो. कान झाकणाऱ्या सोबत्याला हसू नये. त्याला शांत कोपरा द्यावा. आपल्याला जो आवाज साधा वाटतो, तो त्याला खरोखरच दुखवीत असतो. दुसऱ्याचे दुःख दिसत नसले, तरी ते खरे मानणे यातच शहाणपण आहे.