बाटलीतली मुठा, तळातली मुठा

पुण्यात नदीवर ‘प्रोजेक्ट’ न केलेला विज्ञानाचा विद्यार्थी शोधूनच काढावा लागेल. मुठा हाताशी आहे, बसने गाठता येते आणि तिथे कुणी ओळखपत्र मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००४ पासून पदवीच्या सगळ्याच शाखांना पर्यावरणशास्त्र सक्तीचं झालं आणि कॉमर्सची मुलंही वह्या घेऊन काठावर दिसू लागली. त्या विषयाचं देशभर चाललेलं पाठ्यपुस्तक लिहिलं तेही पुण्याच्याच डॉ. एरच भरुचा यांनी. तेव्हापासूनच्या विद्यार्थ्यांच्या कामाकडे मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. पाणी सगळ्यांनी तपासलं, तळाची माती मात्र फार थोड्यांनी.

कारण उघड आहे. पाणी बाटलीत मावतं आणि प्रयोगशाळेत छान नाट्य घडवतं. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत ज्यांनी केली आहे त्यांना हे पटेल. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची, की ढगासारखा साका खाली बसू लागतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी, नसेल तर पांढरा. खडकवासला धरणाच्या वरचं पाणी तपकिरी साका देतं. शहर ओलांडून आलेल्या उन्हाळी पाण्याचा साका पांढराच राहिला की टेबलाभोवती गर्दी जमते. त्यानंतर मुलं बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, काढतात. पुस्तकात २० अंशांना पाच दिवस लिहिलेलं असतं, आपल्या हवामानात २७ अंशांना तीन दिवसांत काम भागतं. अहवालात तक्ता येतो, आलेख येतो, ‘नदी प्रदूषित आहे’ हा निष्कर्ष येतो. तो काठावरच्या वासावरूनही काढता आला असता, पण ते असो.

पाण्याचा आकडा त्या घटकेचा असतो. दुपारी शेवाळामुळे प्राणवायू वाढतो, पहाटे उतरतो, धरणातून पाणी सोडलं की सगळंच बदलतं. तळ असा तासातासाला रंग बदलत नाही. खडकवासल्याच्या वरच्या एखाद्या ओढ्यातला, अर्धा पाण्यात बुडालेला धोंडा उलटा करून पाहावा. खालच्या बाजूला चपट्या अंगाची, शेपटीला तीन धागे असलेली मेफ्लायची पिल्लं सैरावैरा पळतात. वाळूचे कण लाळेच्या रेशमाने जोडून स्वतःपुरतं घर बांधणारी कॅडिसची अळी तिथेच चिकटलेली असते. हे सगळं चालतं ते धोंड्याधोंड्यांमधल्या फटींत पाणी खेळतं म्हणून. आपला बेसॉल्ट झिजून जी काळी माती होते तिचे कण इतके बारीक, की ते दिवसचे दिवस पाण्यात तरंगतात आणि प्रवाह मंदावला की फटींत जाऊन बसतात. टेकड्या फोडून नाल्यात लोटलेला राडारोडा त्यात भर घालतो. फटी बुजल्या की मेफ्लाय जाते आणि गाळात लाल अळ्या राहतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे थोडक्या प्राणवायूवरही त्यांचं निभतं. वरचं पाणी उद्या स्वच्छ झालं तरी बुजलेल्या फटी त्याच दिवशी मोकळ्या होत नाहीत.

तळ बदलल्याचा सगळ्यात लांबचा पुरावा आपल्याकडे माशांच्या याद्यांत आहे. कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महसीर, म्हणजे खुद्री, त्यातलाच. पुढे १९४२ मध्ये फ्रेझरची पुण्याच्या माशांची यादी आली. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, टोणपी आणि मुल्हेरकर यांची यादी आली. वाघ आणि घाटे यांनी २००३ मध्ये मुळा-मुठेचे मासे पुन्हा मोजले. शेजारी ठेवून वाचाव्यात अशाच या याद्या आहेत. नदीकाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र त्या क्वचितच दिल्या जातात.

त्यांचा तळाशी संबंध काय, ते खुद्रीवरून कळतं. खुद्रीची अंडी तळाशी, खडे-गोट्यांत विसावतात आणि त्यांच्यावरून वाहतं पाणी जावं लागतं. १८७९ पासून खडकवासल्याने वरची वाळू आणि गोटे अडवले. नंतर पानशेत आणि वरसगाव आले. शहरात उतरणारी मुठा सांडपाणी आणि बारीक गाळ घेऊन येते, खडे आणत नाही. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीची पैदास होऊ लागली, तिथेही अंडी ट्रेमध्ये ठेवून त्यांच्यावरून पाणी खेळवावं लागतं. नदीचा तळ जे करायचा तेच काम तिथे ट्रे करतो.

सध्या पुण्यात वाद आहे तो काठाचा. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेवर पूररेषा आणि झाडं या दोन बाजूंनी भांडण चालतं आणि ते रास्तच आहे. तळाबद्दल मात्र ना समर्थक बोलतात ना विरोधक.

विद्यार्थ्यांनी इथे हात घालायला फारसा खर्च नाही. मातीचे कण मोजायला सिव्हिलच्या प्रयोगशाळेत चाळण्यांचा संच पडलेला असतो, किडे पकडायला प्राणिशास्त्रात जाळी असते. दोन्ही विभागांच्या मुलांना एकाच गाडीत बसवायचा प्रश्न आहे आणि तो, खरं सांगायचं तर, चाळण्यांपेक्षा अवघड आहे. सुरुवातीला रामनदी बरी. भुकूमच्या बाजूचा ओढा, पाषाण तलाव आणि औंधला मुळेला मिळण्याआधीचा टप्पा, असे तिन्ही ठिकाणचे नमुने एका दिवसात होतात. तलावात गाळ अडतो, त्यामुळे तलावाच्या वरची आणि खालची माती वाळवून, चाळून शेजारी ठेवली तर अडवलेलं पाणी तळाचं काय करतं हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. फेब्रुवारीत जावं, रबरी बूट आणि हातमोजे घालून. जून लागला की तिथे उतरू नये.