नवीन प्रोसेसर येणार म्हणून थांबायचं का?

गटासाठी लॅपटॉप घ्यायचा ठराव झाला की कुणीतरी हमखास सांगतं, "आत्ता घेऊ नका गं, नवीन प्रोसेसर यायचाय. थोडं थांबा." सांगणारा कधी कुणाचा भाचा असतो, कधी दुकानदार, कधी मोबाइलवर आलेला व्हिडिओ. सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो. पण गटाची बचत शंभर-दोनशे रुपयांनी जमलेली असते आणि लॅपटॉपला त्यातले तीस-चाळीस हजार एकदम जातात. म्हणून आज आपण बघू या, की या "येणार, येणार" म्हणणाऱ्या बातम्यांवर किती भरवसा ठेवायचा.

आधी प्रोसेसर म्हणजे काय ते समजून घेऊ. लॅपटॉपला आपलं स्वयंपाकघर समजा. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. रॅम म्हणजे ओटा, ज्यावर चालू कामाचं सामान मांडलेलं असतं. आणि एसएसडी म्हणजे फडताळ, जिथं सगळं साठवून ठेवतो. हात कितीही चपळ असले तरी ओटा वीतभर असेल तर काम अडतंच. प्रोसेसरमध्ये 'कोअर' किती, असंही विचारतात. कोअर म्हणजे कामाला किती जणी आहेत ते. पन्नास भाकऱ्या करायच्या तर चौघी चार चुलींवर बसतील आणि काम लवकर उरकेल. पण एकच भाकरी चौघींनी मिळून थापता येत नाही. म्हणून कोअर दुप्पट झाले की प्रत्येक काम दुप्पट वेगानं होतं, असं नाही.

आता या अंदाजांची सवय कुठून लागली ते बघा. १९६५ मध्ये अमेरिकेत गॉर्डन मूर नावाच्या शास्त्रज्ञानं अंदाज मांडला, की चिपवर बसणाऱ्या बारीक स्विचची, म्हणजे ट्रान्झिस्टरची, संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनीच तो बदलून दर दोन वर्षांनी दुप्पट असा केला. मूर हे इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. इंटेलच्या १९७१ च्या पहिल्या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या 'एम-वन' चिपमध्ये ते १,६०० कोटी झाले. अंदाज इतकी वर्षं साधारण खरा ठरत गेला, म्हणून पुढच्या वर्षी काय येणार याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

पण सगळेच अंदाज खरे ठरले नाहीत. इंटेलनं २००० मध्ये 'पेंटियम फोर' आणला. या घडणीचे प्रोसेसर पुढं १० गिगाहर्ट्झपर्यंत धावतील, अशी तेव्हा आशा होती. प्रत्यक्षात वेग वाढवला तशी चिप भलतीच तापायला लागली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसरच रद्द केला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत, थोडं गमतीनं का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. दहाचं स्वप्न चारवरच अडलं. त्यानंतर कंपन्यांनी एकाच हाताला पळवणं सोडून हातांची संख्या, म्हणजे कोअर, वाढवायला सुरुवात केली.

दुसरं उदाहरण उशिराचं. तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवणारी '१० नॅनोमीटर' नावाची पद्धत इंटेल २०१६ च्या आसपास आणेल, अशी अपेक्षा होती. पण त्या पद्धतीनं केलेल्या चिप पुरेशा संख्येनं चांगल्या निघेनात. पापडाचं पीठ नीट जमलं नाही तर लाटले शंभर आणि विकण्याजोगे निघाले साठ, तसंच ते. भरपूर लॅपटॉपमध्ये या चिप दिसायला २०१९ साल उजाडलं. जे त्यासाठी थांबले, ते तीन वर्षं थांबले.

तिसरं उदाहरण मात्र खऱ्या ठरलेल्या बातमीचं. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी स्वतःची चिप करणार, अशी चर्चा बरीच आधीपासून होती. जून २०२० मध्ये कंपनीनं तसं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये लॅपटॉप बाजारात आले. त्यांची बॅटरी आधीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त चालली. म्हणजे अंदाज सगळे खोटे असतात असं नाही. पण कुठला खरा ठरणार, हे आधी कळत नाही.

म्हणून बातमी आली की आपण तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, हे कोण सांगतंय? कंपनीनं विक्रीची तारीख जाहीर केली असेल तर ती एक गोष्ट. "येणार आहे म्हणे" ही दुसरी. तारीख महिन्याभरावर असेल आणि आपलं काम अडत नसेल तर थांबायला हरकत नाही. नवीन आलं की दुकानात उरलेल्या जुन्या मॉडेलची किंमत बऱ्याचदा उतरते आणि ते आपल्या कामाला पुरतं.

दुसरा, "तीस टक्के वेगवान" म्हणजे कशापेक्षा आणि कुठल्या कामात? व्हिडिओ तयार करणाऱ्याला तो फरक जाणवेल. बचतीची नोंद, कर्जाचे हप्ते, मालाची बिलं आणि ऑनलाइन अर्ज एवढंच आपलं काम असेल तर फारसा जाणवणार नाही. तिथं ओटा आणि फडताळ जास्त महत्त्वाचं. रॅम किमान ८ जीबी, जमलं तर १६, आणि साठवणीसाठी एसएसडी असावी. 'एआय लॅपटॉप' म्हणून जास्त पैसे मागितले तर विचारा, की आमच्या कामात त्याचा नेमका उपयोग काय?

तिसरा, आपली यंत्रं त्याला जोडली जातील का? विंडोजचे काही लॅपटॉप 'स्नॅपड्रॅगन' प्रोसेसरवर येतात. बॅटरी छान चालते, पण त्यांची घडण इंटेल आणि एएमडीपेक्षा वेगळी आहे. बोटांचे ठसे घेणारं यंत्र किंवा प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर त्या घडणीसाठी वेगळं बनवावं लागतं. ते नसेल तर यंत्र चालत नाही. आपल्यातल्या ज्या बँक सखी म्हणून काम करतात, त्यांनी आपलं ठशाचं यंत्र दुकानात नेऊन, जोडून, चालवून बघावं आणि मगच पैसे द्यावेत.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे "आय-सेव्हन आहे ताई, एकदम भारी" एवढ्यावर भुलू नका. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही वर्गवारी झाली. वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. तो ४, ६ किंवा ७ ने सुरू होत असेल तर प्रोसेसर जुना. ८ किंवा ९ ने, किंवा १० ते १४ ने सुरू होत असेल तर बहुधा चालेल. चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा बाराव्या पिढीचा आय-थ्री पुष्कळ बरा. पैसे देण्याआधी विंडोज ११ त्यावर चालू करून दाखवायला सांगा.

आणि थांबण्याचीही किंमत असते, मैत्रिणींनो. सहा महिने लॅपटॉप नाही म्हणजे सहा महिने प्रत्येक अर्जासाठी तालुक्याला फेरी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. बैठकीत एका बाजूला हा खर्च लिहा. दुसऱ्या बाजूला थांबून वाचतील असं वाटणारे पैसे लिहा. कुठली बाजू जड, ते सगळ्या जणींना दिसेल. पुढच्या वर्षीही कुणीतरी म्हणणारच, की नवीन प्रोसेसर येतोय. तोपर्यंत तुमच्या गटाचे वर्षभराचे हिशेब लॅपटॉपवर चढलेले असतील.