चार वर्षांची पदवी आणि चष्म्याचे दुकान

दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, डिचोली तालुक्यातील एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या दोन्ही मुलांना पहिल्या त्रिगुणी लशीपासून मीच पाहत आलो आहे. थोरला दंतवैद्य झाला. त्याच्या शिक्षणाचे कर्ज अद्याप फिटायचे आहे, आणि तो एका मोठ्या शहरात दुसऱ्याच्या दवाखान्यात अशा पगारावर राबतो, की तो आकडा सांगताना वडिलांचा आवाज खाली आला. धाकटी मुलगी त्या वर्षी बारावी उत्तीर्ण झाली होती. सीमेपलीकडच्या एका खाजगी महाविद्यालयाने तिला ऑप्टोमेट्रीच्या पदवीसाठी जागा देऊ केली होती आणि माहितीपत्रकावर शंभर टक्के नोकरीची हमी छापलेली होती. "दोतोर, चेडवाक थंय घालूं काय नाका?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

वाचकांपैकी जे वैद्यकीय व्यवसायातील नाहीत त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर ऑप्टोमेट्रिस्ट हा नेत्रशल्यविशारद नव्हे. तो शस्त्रक्रिया करीत नाही. दृष्टी तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, तिरळेपणा व अधूपणा ओळखणे आणि रोगाची शंका येताच रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे हे त्याचे काम. बालरोगतज्ज्ञाला हा माणूस किती हवा असतो ते आम्हीच जाणतो. मूल पाहायला शिकते ते मेंदूने. दोन्ही डोळ्यांतून स्पष्ट प्रतिमा पोहोचत राहिली तरच हे शिक्षण पुरे होते. एका डोळ्याचा नंबर मोठा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत योग्य चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून हे दुर्लक्ष मोडले नाही, तर पुढे ती दृष्टी पूर्णपणे परत मिळणे कठीण होते. मुलाची तक्रार नसते, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सारे सुरळीत चाललेले असते.

पेडण्याकडची नऊ वर्षांची एक मुलगी खोकल्यासाठी माझ्याकडे आली होती. सहज म्हणून मी तिचा उजवा डोळा झाकला, तर समोरच्या भिंतीवरील कालनिर्णयाचे मोठे आकडेही तिला वाचता येईनात. तिला चष्मा होता. दुकानातील यंत्रावर दोनदा नंबरही काढला होता. परंतु डोळ्यात थेंब घालून, आतील स्नायू शिथिल करून, मग शांतपणे तपासणे हे लहान मुलांच्या बाबतीत आवश्यक असते, ते कोणी केले नव्हते. थेंबांविना यंत्र मुलांच्या डोळ्यांचा नंबर अनेकदा चुकीचा दाखविते. तिच्या आईला काय सांगावे हे मला बराच वेळ सुचले नाही.

म्हणजे अशी शिकलेली माणसे हवीत हे निर्विवाद. मग महाविद्यालये वाढली तर बिघडले कोठे?

उत्तर दंतवैद्यकाच्या इतिहासात आहे. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचा दरवाजा उघडला. कर्नाटकात तो त्याआधीच किलकिला झाला होता. वैद्यकीय महाविद्यालयाएवढे मोठे इस्पितळ उभारावे लागत नसल्याने दंत महाविद्यालये काढणे तुलनेने सोपे ठरले. आपल्या गोव्यात 1980 पासून बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालय आहे, पण तेथील मोजक्या जागा न मिळालेली आपली मुले बेळगाव-धारवाडकडे गेली. 2020-21 या वर्षी देशात दंतवैद्यकाच्या प्रथम वर्षाच्या सुमारे 7000 जागा रिकाम्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे केंद्र सरकारने सांगितले, की देशात दर 6080 लोकांमागे एक दंतवैद्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण 7500 मागे एक असे आहे, तेव्हा पात्रतेचे गुण उतरविण्याची गरज नाही. फेब्रुवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने पात्रता दहा पर्सेंटाइलने खाली आणावयास सांगितले आणि खाजगी महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा असेही सुचविले.

6080 मागे एक, हा आकडा सरासरीचा आहे. पुण्या-बंगळूरच्या एकेका रस्त्यावरील पाट्या आणि आपल्या सीमेवरील वाड्या एकत्र करून भागाकार केला की तो निघतो. त्या गृहस्थांच्या मुलाचा पगार आणि खेड्यातील आजीचा दुखरा दात या दोन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी बेमालूम लपतात.

डिचोलीकरांना हे ट्रकच्या भाषेत लगेच कळते. खाणी जोरात असताना शेजाऱ्याने ट्रक घेतला म्हणून आपणही कर्ज काढून घेतला, असे किती घरांत झाले! 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात गंजू लागले. तिथे कारण निराळे होते हे मान्य. परंतु मिळकत शेजाऱ्याची पाहून कर्ज आपण काढावयाचे, ही रीत तीच. या गृहस्थांचेही दोन ट्रक होते.

आता ऑप्टोमेट्रीकडे वळू. आपल्या देशात हे शिक्षण 1958 मध्ये अलीगढ व हैदराबाद येथे पदविकेच्या रूपाने सुरू झाले. 1985 मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाशी निगडित एलिट स्कूलने चार वर्षांची पदवी आणली. पुढे पुण्या-मुंबईत आणि नंतर नव्या खाजगी विद्यापीठांतून हा अभ्यासक्रम पसरला. इतकी वर्षे या व्यवसायावर देखरेख करणारी वैधानिक परिषदच नव्हती. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि ऑप्टोमेट्रिस्टचा त्यात समावेश झाला. उशिरा का होईना, हे चांगले झाले. कायद्याने नोंदणी येईल, अभ्यासक्रमाला किमान दर्जा येईल. पगाराची पदे मात्र त्यातून आपोआप निर्माण होत नाहीत.

अमेरिकेत ऑप्टोमेट्री हा जुना आणि प्रतिष्ठित व्यवसाय आहे. तेथेही 2009 च्या सुमारापासून एकामागून एक नवी महाविद्यालये उघडली, आणि 2014 मध्ये व्यवसायाच्या संघटनांनीच करवून घेतलेल्या पाहणीत असे दिसले, की असलेल्या ऑप्टोमेट्रिस्टांकडेच आणखी रुग्ण तपासण्यास वेळ शिल्लक आहे. तिथे निदान तपासणीचे शुल्क वेगळे मिळते. आपल्याकडे दुकानात डोळे फुकट तपासतात आणि नफा फ्रेममध्ये असतो. अशा दुकानात चार वर्षे शिकलेल्या मुलीची किंमत फ्रेम विकणाऱ्या मुलाइतकीच ठरते, आणि थेंब घालून तासभर एका मुलासाठी बसणे मालकाला परवडत नाही. पदवीधर वाढले की त्यांचे पगार आणखी खाली येतील, आणि पेडण्याच्या त्या मुलीला तरीही कोणी भेटणार नाही. 1976 च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने नेत्र साहाय्यकाचे पद निर्माण केले, तेव्हा क्रम बरोबर होता. आधी काम व पद ठरले, मग माणूस शिकविला गेला. ऑप्टोमेट्रीच्या नव्या जागा मागणाऱ्यांनी आधी तालुक्याच्या आरोग्य केंद्रांत पदे मागावीत, आणि आपल्या संघटनेने त्यांना तसे स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे.

आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले, तेव्हा मी त्यांना हो किंवा नाही असे काही सांगितले नाही. महाविद्यालयाला स्वतःचे नेत्ररुग्णालय आहे काय, दुसऱ्या वर्षापासून रोज रुग्ण हाताखाली येतात काय, आणि गेल्या तुकडीतील पाच जण आज कोठे व किती पगारावर आहेत, एवढे विचारून या, असे सांगितले. पाच नावे त्या महाविद्यालयाने दिली नाहीत. मुलीने मग नेत्ररुग्णालयाशी जोडलेल्या, माहितीपत्रक साधेच असलेल्या दुसऱ्या ठिकाणी प्रवेश घेतला.

गेल्या सुट्टीत ती चार दिवस माझ्या दवाखान्यात येऊन बसली. येणाऱ्या प्रत्येक मुलाचा एकेक डोळा तळव्याने झाकून पाहत होती. तिसऱ्या दिवशी मयेच्या पाच वर्षांच्या एका मुलाचा डावा डोळा तिने पकडला. आम्ही त्याला गोमेकॉत पाठविले. चष्मा आणि पट्टी सुरू झाली. अशा मुलाची दृष्टी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी लागते. त्याची आई रोजंदारीवर जाते. "हें हांगां डिचोलेंत जावचें ना?" असे तिने विचारले तेव्हा मी त्या मुलीकडे पाहिले, आणि तिने माझ्याकडे.