कॉन्स्ट जेनेरिक्स (रस्ट)

कॉन्स्ट जेनेरिक्स हे रस्ट या प्रणालीस्तरीय प्रोग्रॅमिंग भाषेचे एक वैशिष्ट्य आहे. यामुळे ॲरेची लांबी विशिष्ट संख्येत न बांधता ती प्रचल म्हणून घेता येते आणि एकच फंक्शन कोणत्याही लांबीच्या ॲरेसाठी लिहिता येते. २५ मार्च २०२१ रोजी प्रकाशित झालेल्या रस्ट १.५१ या आवृत्तीपासून हे वैशिष्ट्य स्थिर स्वरूपात उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

रस्टमध्ये ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग असतो. त्यामुळे चार पूर्णांकांचा ॲरे आणि पाच पूर्णांकांचा ॲरे हे दोन भिन्न प्रकार ठरतात. लांबी आधीच ठाऊक असल्याने असा ॲरे हीप स्मृतीची मागणी न करता थेट स्टॅकवर ठेवता येतो.

या काटेकोरपणाची किंमतही होती. प्रत्येक लांबीसाठी स्वतंत्र व्याख्या लागत असल्याने भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात मॅक्रोच्या साहाय्याने ० ते ३२ लांबीच्याच व्याख्या दिलेल्या होत्या. परिणामी ३२ घटकांच्या दोन ॲरेंची तुलना करता येई, पण ३३ घटकांच्या ॲरेंची सरळ तुलना करता येत नसे. ऑक्टोबर २०२० मधील १.४७ या आवृत्तीत ग्रंथालयातील ही मर्यादा बहुतांशी दूर झाली. सर्वसामान्य प्रोग्रॅमरला मात्र ही सोय १.५१ पासून मिळाली.

स्वरूप

फंक्शनच्या नावापुढील कोनी कंसात 'कॉन्स्ट एन: यूसाइझ' असे घोषित केले जाते. त्यानंतर '[आय३२; एन]' म्हणजे 'एन' इतक्या पूर्णांकांचा ॲरे. 'एन'चे मूल्य कंपायलर दिलेल्या ॲरेवरून बहुधा स्वतःच ओळखतो.

दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात याचा उपयोग स्पष्ट दिसतो. पहिल्या मॅट्रिक्समधील स्तंभांची संख्या दुसऱ्यातील ओळींच्या संख्येइतकी असावी लागते. दोन्ही ठिकाणी एकच प्रचल वापरल्यास ३×४ व ४×२ यांचा गुणाकार मान्य होतो आणि ३×२ मॅट्रिक्स मिळते. ३×४ व ५×२ यांचा गुणाकार मात्र कंपायलरच नाकारतो. चूक प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच उघडकीस येते.

स्लाइसशी तुलना

स्लाइसमध्येही कितीही घटक असू शकतात. परंतु तिची लांबी प्रोग्रॅम चालू असतानाच कळते. म्हणून लांबीतील विसंगती तपासण्याचे काम प्रोग्रॅमरकडे राहते. लांबी वापरकर्त्याच्या माहितीवर अवलंबून असेल, तेथे मात्र स्लाइस किंवा व्हेक्टरच योग्य ठरतो.

मर्यादा

* स्थिर केलेल्या स्वरूपात प्रचल म्हणून केवळ पूर्णांक, बूल व कॅर हे प्रकार स्वीकारले गेले.
* 'एन + १' सारखी राशी ॲरेची लांबी म्हणून वापरण्यास त्यात मुभा नव्हती.
* कंपायलर प्रत्येक लांबीसाठी वेगळा यंत्रसंकेत निर्माण करतो. ४, ८ व १६ या लांबींसाठी एकाच फंक्शनच्या तीन प्रती तयार होऊन अंतिम फाइल मोठी होऊ शकते. यावर उपाय म्हणून बाहेरील लहान फंक्शन जेनेरिक ठेवून मुख्य काम स्लाइस घेणाऱ्या फंक्शनकडे सोपवतात.

इतर भाषा

मूळ पास्कल भाषेतही लांबी प्रकाराचा भाग होती, पण तिला प्रचलाचे रूप देण्याची सोय नव्हती. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर केलेल्या टीकेत हा प्रमुख आक्षेप होता. सी++ मध्ये टेम्प्लेटना पूर्णांक प्रचल देऊन असाच परिणाम साधता येतो.